टोबॉगन: एक डोक्यावरची, एक बुडाखालची

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना या बाजूला, थंडी पडली की आई पोराला बजावते, "टोबॉगन घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही." कॅनडातला माणूस हे ऐकून चक्रावेल, कारण त्याची टोबॉगन म्हणजे बर्फावरून घसरायची लांबट लाकडी गाडी. दक्षिणेत मात्र ती लोकरी टोपी. दोघींचं नातं जुनं आहे. 1880 च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये टोबॉगन क्लबांची चलती होती. सभासद ब्लँकेटच्या कापडाचा कोट, कमरेला विणलेला पट्टा आणि डोक्यावर विणलेली टोपी अशा थाटात घसरायला जायचे. गाडीचं नाव हळूहळू टोपीलाही चिकटलं.

पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या गावी येऊन पडलेल्या मराठी घरांत दोन्ही गोष्टी एकदमच लागतात. मुलांना टेकडीवर जायचं असतं आणि भारतातून आलेल्या आजीच्या बॅगेत विणायच्या सुया असतात. आजी हौसेने जाड, मोठ्या गोंड्याची, कानावरून दोऱ्या सोडलेली टोपी विणते. दिसते झकास, पण टेकडीवर नेमकी तीच चालत नाही. हेल्मेटखाली बसत नाही आणि दोऱ्या कशात तरी अडकतात. म्हणून आधी ठरवा: घसरणाऱ्याला पातळ टोपी, खाली उभं राहणाऱ्याला जाड. इथे दोन्हींची मापं देतो आणि मग गाडीकडे वळतो.

लोकर आणि सुया

भारतातल्या दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा धागा अ‍ॅक्रिलिक असतो. तो धुवायला सोपा, स्वस्त आणि रोजच्या वापराला ठीक. पण बर्फात लोळून ओली झालेली टोपी डोक्यावर राहणार असेल तर खरी मेंढीची लोकर घ्या, कारण ती दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. अंगाला टोचत असेल तर मेरिनो घ्या. मशीनमध्ये धुवायची असेल तर लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलेलं आहे का ते बघा. सुती धागा मात्र अजिबात नको. तो पाणी धरून ठेवतो आणि डोकं गार पाडतो.

जाड टोपीला 'वर्स्टेड' जाडीचा 100 ग्रॅमचा एक गुंडा पुरतो, गोंडा केला तरी. पातळ टोपीला 4 प्लायची, म्हणजे 'फिंगरिंग' जाडीची, साधारण 50 ग्रॅम लोकर लागते.

सुयांच्या नंबरात एक मोठी गोची आहे. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. त्यात गंमत म्हणजे आपली 6 नंबरची सुई 5 मिमीची आणि 8 नंबरची 4 मिमीची, तर अमेरिकेत 6 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 8 नंबर म्हणजे 5 मिमी. आजीने "आठ नंबर आण" म्हटलं आणि तुम्ही तिथल्या दुकानातून आठ नंबर आणला, तर टोपी ढगळ झालीच म्हणून समजा. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

माप आणि नमुना

भुवयांच्या जरा वरून आणि कानांवरून टेप फिरवून डोक्याचा घेर घ्या. सहा-सात वर्षांच्या मुलाचा घेर साधारण 52 सेंटिमीटर आणि मोठ्या माणसाचा 56 च्या आसपास भरतो. विणलेली टोपी ताणून बसायला हवी, म्हणून घेरातून 5 सेंटिमीटर वजा करा.

नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तरीही 5 मिमीच्या सुयांवर 24 टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा बारा-तेरा सेंटिमीटरचा तुकडा विणाच. मधल्या भागात 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. वर्स्टेड लोकरीला साधारण 18 येतात. तुमचा हात घट्ट असेल तर 20 येतील. मग तुमचाच आकडा धरायचा.

आता हिशोब. घेर वजा 5, गुणिले दर सेंटिमीटरचे टाके. जे उत्तर येईल त्याच्या खालचा 8 च्या पाढ्यातला आकडा घ्या आणि शिवणीसाठी 2 टाके जास्त धरा. मुलासाठी 52 वजा 5 म्हणजे 47, गुणिले 1.8 म्हणजे 84.6. आठाच्या पाढ्यात खाली 80, अधिक 2, एकूण 82 टाके. मोठ्यासाठी 51 गुणिले 1.8 म्हणजे 91.8. खाली 88, अधिक 2, एकूण 90. वरचा आकडा घ्यायचा मोह टाळा. लोकर वापरून सैल होते, घट्ट होत नाही.

जाड टोपी, दोन सुयांवर

गोल सुयांवर शिवण टळते हे खरं, पण घरोघरी हात बसलेला असतो तो दोन सरळ सुयांवर, म्हणून तीच रीत सांगतो. आकडे मुलाच्या टोपीचे आहेत. कंसात मोठ्या माणसाचे.

1. 4 मिमीच्या सुईवर 82 (90) टाके सैल हाताने घाला. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक काढून घ्या. काठ कपाळावर रुतला तर मूल टोपी दोन मिनिटांत काढून फेकतं.

2. काठाची पट्टी: पहिली ओळ 2 सुलट, 2 उलट अशी विणत जा, शेवट 2 सुलट. दुसरी ओळ 2 उलट, मग 2 सुलट, 2 उलट असं शेवटपर्यंत. या दोन ओळी आलटून पालटून 12 सेंटिमीटर होईपर्यंत विणा. ही पट्टी दुमडून कानांवर दुहेरी येते. वारा टाक्यांच्या भोकांतून आत शिरतो आणि कान सगळ्यात आधी गारठतात, म्हणून पट्टीच्या लांबीत काटकसर नको. दुसऱ्या ओळीवर थांबा, म्हणजे पुढची ओळ सुलट बाजूची येईल.

3. 5 मिमीच्या सुया घ्या. एक ओळ सुलट, एक उलट असं साडेपाच (8) सेंटिमीटर विणा आणि उलट ओळीवर थांबा.

4. माथा आवळणे: 1 सुलट, मग 8 (9) सुलट आणि 2 टाके एकत्र सुलट, असं आठ वेळा, शेवटी 1 सुलट. पुढची ओळ सगळी उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत एकत्र विणायच्या टाक्यांआधी 7 (8) सुलट, त्याच्या पुढच्या सुलट ओळीत 6 (7), असं एकेक कमी करत जा. प्रत्येक वेळी 8 टाके घटतात. मधली प्रत्येक उलट ओळ साधी. शेवटी सुईवर 10 टाके उरतील.

5. धागा हातभर लांब ठेवून कापा. मोठ्या डोळ्याच्या सुईत ओवून 10 टाक्यांतून दोनदा फिरवा आणि ओढून घट्ट करा. एकदाच फिरवला तर माथ्यावर बारीक भोक राहतं आणि पुढे ते वाढत जातं.

6. शिवण. टोपी हातची वाटणार की दुकानातली, ते इथे ठरतं. दोन्ही कडा सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्या मध्ये जी आडवी तार दिसते तिच्याखालून सुई घाला, मग समोरच्या कडेच्या तशाच तारेखालून. असं डावी-उजवी, डावी-उजवी करत चार-पाच टाके सैल घ्या आणि मग हळूच ओढा. कडा एकमेकींत मिटतात आणि शिवण दिसेनाशी होते. दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो आणि उरलेल्या एकेकाची मिळून पट्टीतली 2 सुलट टाक्यांची जोडी जुळते. ते जास्तीचे 2 टाके त्यासाठीच होते. खालच्या काठापासून 6 सेंटिमीटर उरले की टोपी उलटी करा आणि उरलेली शिवण आतल्या बाजूने घाला. पट्टी दुमडल्यावर तोच भाग बाहेर दिसतो. बहुतेक घरगुती टोप्यांत शिवणीची वळकटी नेमकी कपाळाच्या वर दिसते ती एवढं न केल्यामुळे.

गोंडा हवाच असेल तर बटणाने लावा, म्हणजे धुताना काढता येतो. वाऱ्याचा फारच त्रास होत असेल तर पट्टीच्या आतून फ्लीस कापडाचा पट्टा सैल हाताने शिवा. फ्लीस विणीइतकं ताणलं जात नाही, म्हणून पट्टा डोक्याच्या घेराएवढा कापा, टोपीच्या घेराएवढा नको.

हेल्मेटखालची पातळ टोपी

रीत तीच. सुया 3 मिमी, लोकर 4 प्लाय. 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 28 टाके येतात. मुलासाठी 47 गुणिले 2.8 म्हणजे 131.6. आठाच्या पाढ्यात 128, अधिक 2, एकूण 130 टाके. काठाची पट्टी फक्त 3 सेंटिमीटर, दुमडायची नाही. मग माथा आवळायला सुरुवात करेपर्यंत काठापासूनची लांबी 11 सेंटिमीटर करा. माथ्यावर आठ भाग 16 टाक्यांचे होतात, म्हणून पहिल्या ओळीत 14 सुलट आणि 2 एकत्र. गोंडा नाही, दोरी नाही, माथ्यावर गाठ नाही. शेवटची टोकं विणीत आडवी लपवा. हेल्मेटखाली मुगाएवढी गाठसुद्धा तासाभरात डोकं उठवते. विणून झाली की टोपी घालून हेल्मेट चढवून बघा. हेल्मेट आधीइतकंच खाली बसलं पाहिजे. वर उचललं गेलं तर टोपी जाड झाली, ती शाळेला वापरा.

या कामाला खरी सरस ठरते ती आपली माकडटोपी. कितीही हसा तिला, पण टेकडीवर स्कार्फ, मफलर बांधायचा नसतो, कारण तो गाडीखाली किंवा झुडपात अडकून गळ्याला फास बसू शकतो. मग मान उघडी पडते. पातळ विणीची माकडटोपी कान, मान, हनुवटी सगळं झाकते आणि तिला लोंबणारं काही नसतं. स्कीइंगवाले बालाक्लाव्हा म्हणून तेच घालतात.

क्रोशेवाल्यांसाठी

क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू करा. 5 मिमीची सुई, वर्स्टेड लोकर. मॅजिक रिंगमध्ये 8 अर्धे खांब, पुढच्या फेरीत प्रत्येकात 2 म्हणजे 16, मग एकाआड एक वाढवून 24, असे दर फेरीला 8 वाढवत जा. कुठे थांबायचं ते टाके मोजून नव्हे, चकतीचा व्यास मोजून ठरवा. क्रोशे कमी ताणलं जातं, म्हणून डोक्याच्या घेरातून फक्त 3 सेंटिमीटर वजा करा आणि 3.14 ने भागा. 52 च्या डोक्याला 49 भागिले 3.14, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटर. तिथून पुढे न वाढवता सरळ फेऱ्या, टोपी मुलाला 18-19 सेंटिमीटर खोल होईपर्यंत. चकतीला झालरीसारख्या लाटा आल्या तर टाके जास्त झाले, वाटीसारखी वळली तर कमी. परदेशी पॅटर्न वाचताना तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकेतला डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, ब्रिटिशांचा ट्रेबल असतो.

आता गाडी

खरी टोबॉगन कॅनडाच्या मूलनिवासींची: इन्नू, क्री, मिगमॉ. बर्च किंवा लार्चच्या पातळ फळ्या वाफेवर मऊ करून पुढचं टोक वर वळवायचं आणि आडव्या पट्ट्यांनी बांधायचं. खेळ नव्हता तो. शिकार आणि सामान ओढून न्यायचं साधन होतं. स्लेजला खाली लांब पट्ट्या असतात, त्यांवर ती घसरते. टोबॉगनला तशा पट्ट्या नसतात, तळ सपाट. भुसभुशीत, खोल बर्फात पट्ट्यांची स्लेज रुतते, तर टोबॉगन वजन पसरवून वरून तरंगत जाते. म्हणून नव्या मऊ बर्फावर टोबॉगन आणि दाबून कडक झालेल्या बर्फावर पट्ट्यांची स्लेज, असा साधा हिशोब.

दुकानात प्लास्टिकच्या गोल तबकड्या आणि हवेच्या ट्यूब सगळ्यात स्वस्त मिळतात, आणि मला वाटतं लहान मुलांसाठी त्याच सगळ्यात वाईट. त्या गरगर फिरतात, वळवता येत नाहीत आणि अर्ध्या वाटेत पाठ पुढे होते. लांबट, पुढे वळलेली, धरायला दोर किंवा कडी असलेली गाडी घ्या, लाकडी नसली तरी चालेल.

टेकडी निवडताना उतार शेवटी बघा, आधी पायथा बघा. घसरत आलेली गाडी आपोआप थांबेल इतकी लांब, सपाट, मोकळी जागा खाली हवी. रस्ता, पार्किंग, कुंपण, तळं, नदी यांतलं काहीही समोर असेल तर ती टेकडी बाद. मग वाटेतली झाडं, खडक, विजेचे खांब, बाक. बर्फाखाली काय आहे ते वर चालत जाताना पायाने चाचपत जा. पृष्ठभाग काचेसारखा गोठलेला असेल तर त्या दिवशी नको. अंधार पडल्यावर तर नकोच.

गावाचे नियमही बघा. टोरंटो महापालिकेने जानेवारी 2024 मध्ये 45 टेकड्यांवर टोबॉगनिंगला मनाईच्या पाट्या लावल्या आणि शहरभर वादाला तोंड फुटलं. तेव्हा महापालिकेच्या संकेतस्थळावर परवानगीच्या टेकड्यांची यादी बघून निघा.

स्वतःची गाडी न घेता एकदा अनुभव घ्यायचा असेल तर दोन जागा सांगतो. क्वेबेक शहरात शॅटो फ्रॉन्टनाक हॉटेलशेजारच्या डफरिन टेरेसवर 1884 पासून टोबॉगनची घसरण चालू आहे. गाडी तिथेच मिळते. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅमडेनला 400 फूट लांबीची लाकडी घसरण आहे. ती थेट गोठलेल्या तळ्यावर जाऊन संपते आणि फेब्रुवारीत तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरते. दोन्हीकडे मार्ग आखलेला असल्याने वळवायची चिंता नाही.

बसायचं कसं

तोंड पुढे, पाय पुढे, बसून. पालथं पडून डोकं पुढे करून घसरायचं नाही, मग मुलं कितीही गळ घालोत. सगळ्यात पुढचा माणूस वळलेल्या टोकाखाली पाय घालतो आणि दोर हातात धरतो. मागचा दोन्ही पाय पुढच्याच्या कमरेच्या दोन बाजूंनी घेतो आणि पुढचा त्याचे पाय काखेत धरतो, म्हणजे कुणाचाही पाय बाहेर लोंबत राहत नाही. गाडीवर जितक्यांची जागा लिहिली आहे तितकेच बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला एकटं सोडू नका.

वळायचं असेल त्या बाजूला सगळ्यांनी एकदम झुका. एकच झुकला तर गाडी आडवी होते. सगळ्यात मागच्याने त्याच बाजूचा बूट बर्फाला हलकेच टेकवला की वळण येतं. जोरात रोवायचा नाही, घोटा मुरगळतो. समोर काही आलं आणि गाडी ऐकेना, तर बाजूला लोळून उतरा. हे मुलांना आधी सपाट जागेवर दोन-तीनदा करायला लावा. गाडी सोडून द्यायला मुलं तयारच होत नाहीत, म्हणून ही सवय आधी लागायला हवी.

वर चढताना नेहमी कडेने जा, मधल्या वाटेने नाही. खाली पोचलात की लगेच उठून बाजूला व्हा. गाडी मोटारीच्या किंवा स्नोमोबाइलच्या मागे बांधून ओढणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. हेल्मेट स्कीइंगचं किंवा आइस हॉकीचं.

किती वेळ थांबायचं ते वाऱ्यावर अवलंबून. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे 28 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढुरका, बधिर डाग दिसला की खेळ बंद, आत चला. तो भाग चोळायचा नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उबदार तळहात नुसता ठेवायचा. बधिरपणा जात नसेल तर डॉक्टर गाठा.

घरी आल्यावर

टोपी रेडिएटरवर टाकू नका. कोमट पाण्यात लोकरीचा साबण घालून बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. ओली टोपी टांगली की लांब होते आणि मग डोळ्यांवर येत राहते. पट्टी वाळताना दुमडलेली ठेवू नका, आतला थर दमट राहून वास मारतो.

लाकडी टोबॉगनचा बर्फ झटकून ती पुसा आणि कोरडी होईपर्यंत कडेवर उभी करा. हंगामाच्या सुरुवातीला तळ बारीक पॉलिश कागदाने घासून त्यावर पॅराफिन मेण किंवा स्कीचं मेण चोळा आणि कापडाने एकसारखं करा. वरच्या बाजूला व्हार्निशचा हात पुरतो. मार्च-एप्रिलात बर्फ गेला की गाडी जमिनीवर न ठेवता गॅरेजच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवा. बॉयलरच्या जवळ मात्र नको, लाकूड सुकून तडकतं. टोप्या धुवून, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत डांबरगोळ्यांसोबत. आजी परत जायच्या आत मुलाच्या डोक्याचा घेर पुन्हा मोजून तिच्या वहीत लिहून द्या, म्हणजे पुढच्या थंडीची टोपी ती तिकडूनच विणून पाठवेल.